बोटीवर येणाऱ्या ताईस आगाऊ सूचना

ती. स्व. ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार. (खरं तर साष्टांग नमस्कार घालता येईल एवढी सलग जागा आमच्या घरात नाही. मी घालून पाहिला. डोकं टेबलाखाली गेलं आणि पाय शेगडीला लागले. तरी तो पोचला असं समज आणि आशीर्वाद दे, नाहीतर पुन्हा घालावा लागेल.) तब्येत कशी आहे असं रीतीप्रमाणे विचारते, पण उत्तर नको, कारण तू ‘ठणठणीत’ असंच सांगणार. इस्पितळात मेट्रन म्हणून आयुष्य काढलेल्या बाईला दुसऱ्याचं दुखणं चेहऱ्यावरून कळतं आणि स्वतःचं क्ष-किरणांनी दाखवलं तरी पटत नाही. आम्ही दोघं उत्तम आहोत. यांचे गुडघे वाजतात, पण ते लिफ्ट दुरुस्तीच्या नोकरीत होते तेव्हापासून वाजतात, त्याचं खापर समुद्रावर फोडू नये.

तर तू आणि वकील पुढच्या महिन्यात चार रात्रींसाठी येताय हे नक्की झालं. (आपल्या धाकट्या भावाला मी वकील म्हणते याचं त्याला काही वाटत नाही. तो सख्ख्या बहिणीचा फोनसुद्धा ‘वकील बोलतोय’ म्हणून उचलतो.) फोनवर तुझ्यामाझ्यात काय ठरलं ते इथे पुन्हा लिहिते, कारण वकिलानं त्यात मागाहून पोटकलमं घुसडायला सुरुवात केली आहे. तू म्हणालीस, बोट म्हणजे घर नव्हे. घराला पाया लागतो, भिंती लागतात, आणि साठी उलटलेल्या माणसांनी न हलणाऱ्या वस्तूवर झोपावं. म्हणालीस, हा पोरखेळ पुरे झाला, माझ्याकडे तीन खोल्या रिकाम्या पडल्या आहेत, मुकाट्यानं निघून या. आणि मी तावातावानं म्हणाले, आधी येऊन चार रात्री राहा. पाचव्या सकाळी चहा पिऊन झाल्यावरही तू ‘हे घर नाही’ म्हणालीस तर आम्ही बोट विकू आणि तुझ्याकडे येऊ. तू विचारलंस, शब्द? मी म्हणाले, शब्द. आई गेल्यावर तू माझ्या वेण्या घातल्यास, शाळेचा डबा भरलास, माझ्या लग्नात आईच्या जागी उभी राहिलीस. तुला दिलेला शब्द मी कधी मोडलेला नाही आणि आता या वयात नवी सवय लावून घेणार नाही. फोन ठेवला तेव्हा हे शेजारीच होते. नुसते दोर गुंडाळत बसले. त्यांना फार काळजी वाटली की दोर फार सुबक गुंडाळला जातो. त्या दिवशी तर तो दुकानात मांडून ठेवावा असा झाला होता.

वकिलाचं म्हणणं असं की पाऊस पडला तर ती रात्र मोजायची नाही, वादळ आलं तर दोन धरायच्या, आणि पाचव्या सकाळच्या चहात यजमानांनी जास्त साखर घातली तर ती लाच समजली जाईल. त्याला म्हणावं, चहा ताईच करील. आमच्याकडे पाहुण्याला काम सांगतात.

बोट विकावी लागली तर आम्ही काही मरणार नाही, ताई. पण मला फार म्हणजे फार वाईट वाटेल, हे आडपडदा न ठेवता सांगते. हे जन्मभर इमारतींच्या पोटातल्या अंधाऱ्या बोगद्यांत दोरांना तेल घालत बसले आणि मी जन्मभर लोकांच्या खिडक्यांना पडदे शिवले. म्हणजे एकाला उजेड दिसला नाही आणि दुसरी तो झाकत राहिली. त्यातून सुटून आम्ही इथे आलो. लोक हसले, मुलगा गप्प बसला, तू रागावलीस. हसणाऱ्यांचे दात दिसले, पुढे काही झालं नाही. ही जुनी बोट आम्ही हातांनी घासली, रंगवली, फाटलं शीड मी माझ्या पडद्याच्या मशीनवर दुरुस्त केलं. (शीड म्हणजे तरी काय, वाऱ्याला लावलेला पडदा. फक्त काठ दुहेरी घालावा लागतो.) तेव्हा हे घर मी सहजासहजी सोडणार नाही. तुला जिंकायचं असेल तर चारही रात्री मन लावून राहावं लागेल, आणि त्यासाठी तुझी नीट तयारी करून घेणं हे माझं काम. तयारी न करता पाहुणे बोलावले की काय होतं ते आम्ही गेल्या वर्षी व्याह्यांच्या वेळी पाहिलं.

आमच्या सुनेचे आईवडील किती सभ्य आहेत ते तू लग्नात पाहिलंसच. व्याही मोठ्या कचेरीत हिशेबनीस होते. लिफ्टमध्ये एकटे असले तरी आधी दुसऱ्याला जाऊ देतील असा माणूस. विहीणबाई त्यांच्याहून सभ्य. दोघं आले, धक्क्यावर चपला काढू का म्हणून विचारलं, बोटीला नमस्कार केला. पहिल्या सकाळी आम्ही त्यांना जरा फिरवून आणायला निघालो. आता निघण्याआधी आमच्याकडे एक रीत आहे. दोर सोडण्यापूर्वी हे मोठ्यानं ओरडतात, ‘काय पडेल?’ आणि बोटीवरच्या प्रत्येकानं आपल्या आजूबाजूला पाहून पडू शकेल अशी एक तरी वस्तू सांगायची. कप, चष्मा, पातेलं, काहीही. ‘काही नाही’ हे उत्तर चालत नाही. (ते मी पहिल्याच आठवड्यात दिलं होतं. त्या दिवशीचे तांदूळ अजून कुठल्या कुठल्या फटींतून निघतात.) वस्तूच पाहिजे असंही नाही. मी एकदा ‘तुम्ही’ असं उत्तर दिलं होतं, कारण हे स्वतः एका पायावर उभे राहून मोजा चढवत होते. तर विहीणबाईंना विचारलं, काय पडेल? त्या हातात चहाचा कप घेऊन उभ्या होत्या. संकोचून म्हणाल्या, आमचं काय पडणार, आम्ही पाहुणे. आणि बोट वळली तशा कपासकट अलगद गादीवर आडव्या झाल्या. लागलं काही नाही, पण पडल्या पडल्या त्यांनी आमचीच क्षमा मागितली.

खरा प्रकार संध्याकाळी झाला. बोटीवरच्या संडासाला साखळी नसते, एक दांडा असतो, तो वरखाली हलवायचा. मी व्याह्यांना सगळं सांगितलं होतं. दांडा हलवत राहा, लाजू नका, भरपूर हलवा, असंही सांगितलं. फक्त शेजारची छोटी खिट्टी सांगायची राहिली. खिट्टी एका बाजूला असली की समुद्राचं पाणी आत येतं, दुसऱ्या बाजूला केली की बाहेर जातं. व्याही आत गेले, खिट्टी आत येण्याच्या बाजूला होती, आणि ते सांगितल्याप्रमाणे दांडा हलवू लागले. पाणी वर आलं. त्यांना वाटलं, कमी हलवला. अजून हलवला. पाणी काठावरून जमिनीवर आलं. दुसरा कोणी असता तर ओरडला असता, पण विहिणीच्या घरी जाऊन संडासाबद्दल आरडाओरडा करणं त्यांच्या रक्तात नाही. त्यांनी प्रकरण स्वतःच, आतल्या आत, आणखी जोरानं हलवून मिटवायचं ठरवलं. बाहेर विहीणबाई बाकावर बसल्या होत्या. दाराखालून पाणी आलं आणि त्यांची एक चप्पल तरंगत निघाली. ताई, त्या बाईनं हूं की चूं केलं नाही. सोयऱ्यांच्या घरात उणं कशाला काढा म्हणून त्यांनी नुसती दुसरी चप्पल उचलून बाकावर घेतली. मी शिवत बसले होते. माझं दोऱ्याचं रीळ जमिनीवर पडलेलं होतं, ते आपणहून माझ्याकडे येऊ लागलं तेव्हा मला कळलं. मी हाक मारली, हे वरून धावत आले, आणि इतक्या वर्षांची सवय, दारावर थाप मारून अगदी शांत आवाजात त्यांनी विचारलं, ‘आत किती माणसं आहेत?’

व्याह्यांनी आतून अदबीनं उत्तर दिलं, एकच. दुसऱ्या दिवशी त्यांना एकाएकी गावाकडे काम निघालं. त्यांचे फोन अजून येतात, आपुलकीनं चौकशी करतात, फक्त पाण्याचा विषय निघाला की विहीणबाईंना हाक मारतात.

यावरून आम्ही धडा घेतला. बोटीवर माणसं अडाणीपणानं गोत्यात येत नाहीत, सौजन्यानं येतात. म्हणून पहिली सूचना अशी की इथे भीडभाड ठेवायची नाही. पाणी दिसलं, ओरड. वास आला, ओरड. काही कळलं नाही, तरी ओरड. तू वॉर्डाच्या एका टोकाला उभी राहून दुसऱ्या टोकाच्या पेशंटला चादर नीट घ्यायला लावायचीस, तेव्हा तुला हे जड जाणार नाही. वकिलाला तर फी न घेता ओरडायची ही पहिलीच संधी आहे.

दुसरी सूचना सामानाची. वकिलाची ती चाकांची कडक बॅग आणायची नाही म्हणजे नाही. कडक बॅग रिकामी केली तरी तेवढीच्या तेवढी राहते आणि मग तिला पाहुण्यासारखं बसायला जागा द्यावी लागते. मऊ पिशवी घडी घालून उशीखाली जाते. मी जुन्या शिडाच्या कापडाच्या दोन पिशव्या शिवल्या आहेत, त्या या पत्राबरोबरच पाठवते. मोठी तुझी, लहान वकिलाची. उलट का नाही असं तो विचारील. तो काहीही विचारतो. त्याला सांग, शिवणाऱ्याची मर्जी.

तिसरी सूचना अशी की येण्याआधी घरी रंगीत तालीम करा. वकील मधल्या खोलीत टेबलावर झोपणार आहे. घाबरू नकोस, आमचं टेबल रात्री खाली उतरतं, त्यावर गादी पडते आणि त्याचा पलंग होतो. म्हणजे आमची जेवणं आणि गप्पा संपेपर्यंत त्याला झोपता येणार नाही आणि आम्हाला सकाळी भूक लागली की त्याला उठावंच लागेल. जन्मभर त्यानं अशिलांना बाकड्यावर ताटकळत ठेवलं, आता त्याची पाळी. त्याला दिवाणखान्यात खडूनं टेबलाएवढा चौकोन आखून एक रात्र त्यात काढायला सांग, आणि सकाळी रेघ पुसलेली आहे का ते तू बघ. तू पुढच्या खोलीत झोपायचं. ती खोली बोटीच्या नाकात आहे, डोक्याकडे ऐसपैस आणि पायाकडे निमुळती. तिथली गादी मी नव्यानं भरली आहे. कमरेखाली जरा कडक, खांद्याखाली जरा मऊ, तुला लागते तशी. डाव्या बाजूला यांनी लाकडी कठडा ठोकला आहे, उठताना धरायला. अंघोळीचं म्हणशील तर निम्मी बादली दोघांनी वाटून घ्यायची. तुला सवय आहे, तू तर एका तांब्यात अख्खा माणूस पुसून काढायचीस. वकिलाला मात्र आतापासून शॉवरखालून ओढून बाहेर काढ.

आता बोटीवर चढण्याचं. धक्का आणि बोट यांच्यामध्ये एक फट असते, ती कधी वीतभर असते आणि कधी चांगली पसरते. एका हातानं कठडा गच्च धरून मोठं पाऊल टाकावं लागतं. आम्हाला आता ते उंबरा ओलांडल्यासारखं झालं आहे, पण सगळ्यांनाच हात गच्च धरता येईल असं नाही. म्हणून आम्ही खुर्ची केली. म्हणजे मी दुहेरी शिडाच्या कापडाची झोळी शिवली, तिला पाठ आणि पट्टा लावला, आणि यांनी ती डोलकाठीच्या शेंड्यावरच्या कप्पीतून जाणाऱ्या दोराला बांधली. खाली चरखी आहे, ती फिरवली की झोळी वर जाते, मग ती अलगद आत ओढायची आणि खाली सोडायची. यांचा चेहरा बघायला हवा होतास. निवृत्त झाल्यापासून एवढे खुललेले मी पाहिले नव्हते. चढवणार एक बाई, आणि यांनी डोलकाठीवर पाटी रंगवली, ‘क्षमता: एक व्यक्ती. धक्काबुक्की करू नये.’

चाचणी माझ्यावर झाली, कारण वजनाच्या बाबतीत आपण बहिणी शोभतो. मी पट्टा लावून बसले, यांनी चरखी फिरवली, मी फुलासारखी वर गेले. (निदान मला तसं वाटलं. हे घामाघूम झाले होते.) चांगली उंच गेले तेव्हा वरची कप्पी कुरकुरली. एवढीशी कुरकुर. पण ज्या माणसानं तीस वर्षं कुरकुर ऐकून पोट भरलं त्याला ती कशी सहन व्हावी? यांनी दोर खुंटीला पक्का बांधला आणि तेलाची डबी आणायला खाली गेले. मला वाटलं, आत्ता येतील. खाली यांना डबी मिळाली नाही, हरवलेला चष्मा मिळाला. चष्मा लावल्यावर हत्यारांची पेटी किती अस्ताव्यस्त आहे ते नीट दिसलं. मग यांनी ती लावायला घेतली. मी वरून हाका मारते आहे आणि खालून, पान्हे मोजता मोजता, यांचा तो नोकरीतला धीराचा आवाज येतो आहे, ‘घाबरू नका. दोर तुटत नाही, नुसता थांबतो. मदत पोचते आहे.’ लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवरा आपल्याला ‘घाबरू नका’ असं अहोजाहो करतो आहे म्हटल्यावर मी काय समजायचं ते समजले. हे तेव्हा बोटीवर नव्हतेच, कुठल्यातरी इमारतीच्या चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये होते.

इतक्यात धक्क्याचा रखवालदार आला. त्यानं वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, बाई, दुरुस्ती चाललीये का शिक्षा झालीये? मी म्हणाले, पाहुण्यांची तयारी चाललीये. त्यानं मान डोलावली आणि पुढे गेला. आमच्या बोटीबद्दल त्याचं काय मत झालं आहे ते यावरून ओळख.

पण ताई, वर लोंबकळताना मी समोर पाहिलं. बंदरामागच्या इमारतींच्या ओळीच्या ओळी तिथून दिसतात. खिडकीशेजारी खिडकी, प्रत्येकीला पडदा, आणि भर सकाळी तो ओढून घेतलेला. मी मनात कापडाचा अंदाज करत होते, एवढ्या खिडक्या म्हणजे किती वार, किती चुण्या, किती कड्या. त्या पडद्यांमागे लोक अगदी स्थिर जमिनीवर, पक्क्या भिंतींत बसले असतील. आणि मी इथे साठीच्या पुढे, झोळीत, हवेत, खाली नवरा पान्हे मोजतोय, वारा पदर उडवतोय, आणि मला काही म्हणजे काही कमी नाही. तिथे माझं पक्कं झालं. मी हे सोडणार नाही. कोणी घोडेस्वार पाठवले तरी नाही. हे शेवटी तेल घेऊन आले, मला खाली उतरवलं आणि ‘कसा होता प्रवास?’ असं विचारलं. पुढचा तासभर मी त्यांच्याशी बोलले नाही, पण मत बदललं नाही. कप्पी आता लोण्यासारखी चालते. आणि तू बसलेली असताना हे जागचे हलले तर मी त्यांना चरखीलाच बांधून ठेवीन.

वकील खुर्चीत बसणार नाही हे उघड आहे. तो म्हणेल, मी उडी मारतो. मारू दे. टॉवेल बाहेर वाळत घातलेला असेल.

आता तुझ्या आरोपांना उत्तर. पाया नाही म्हणतेस. तुझ्या घराला पाया आहे म्हणून ते जन्मभर एका जागी बसलं आहे, समोर ते कळकट गोदाम आलं तरी त्याला तोंड फिरवता येत नाही. आमच्यासमोर कोणी कळकट आलं तर आम्ही दोर सोडतो. भिंती नाहीत म्हणतेस. भिंती आहेत, फक्त त्या जवळ आहेत, त्यामुळे एकानं उसासा टाकला तर दुसऱ्याला कळतो. तीन खोल्या पलीकडून कळत नाही. आणि घर हलतं, पडाल कधीतरी, हाडं मोडतील, हे तू दर फोनला म्हणतेस. तर ऐक. इथे आल्यापासून आम्हा दोघांपैकी एकही जण पडलेला नाही. (विहीणबाई धरायच्या नाहीत, त्या गादीवर पडल्या.) घर हलतं म्हणूनच पडलो नाही. हलत्या घरात माणूस काहीतरी धरून चालतो. आणि धरायला काही नसलं तर दुसऱ्याला धरतो. पडतात ती न हलणाऱ्या जमिनीवरची माणसं. असो, यावर मी आत्ता जास्त बोलत नाही.

तेव्हा ये. मेट्रनच्या नजरेनं कोपरान् कोपरा तपास, बोट फिरवून धूळ बघ, वकिलाकडून पंचनामा करून घे. मी घाबरत नाही. पाचव्या सकाळी तुला काय म्हणायचं ते म्हण, मी समोर बसून ऐकेन.

इथे थांबते. दिवा हलायला लागला आहे आणि अक्षर त्याच्या मागे चाललं आहे. वकिलाला आशीर्वाद, त्याच्या चाकांच्या बॅगेला नाही.

तुझी हट्टी धाकटी

ता. क. येताना बाजारातून शिडाच्या कापडाला चालतील अशा जाड सुया आण. माझी शेवटची सुई तुझ्या खुर्चीत मोडली.

आणखी एक ता. क. वर मी ‘आम्ही दोर सोडतो’ असं मोठ्या ऐटीत लिहिलं आहे. हे पत्र यांनी वाचलं आणि म्हणाले, खरं ते लिही. तर खरं असं की या वर्षी आम्ही दोर सोडलेलाच नाही. शीड चढवायला माझे दोन आणि यांचे दोन असे चारही हात लागतात, पूर्वी हे एका हातानं ओढून पायानं सुकाणू सांभाळायचे, आता गुडघा ऐकत नाही. म्हणून बोट धक्क्याला बांधलेली आहे आणि समोर जे कळकट आहे ते आम्ही मुकाट्यानं बघतो. तेव्हा आम्हाला सुकाणूवर एक माणूस हवा आहे. बसून करायचं काम आहे. पुढे नजर ठेवायची, एका हातानं दांडा धरायचा आणि आम्ही दोघं चुकलो की दोघांवर ओरडायचं. बंदरात पुष्कळ माणसं बघितली, पण ओरडण्यात तुझा हात धरील असं कोणी नाही. वकील चालणार नाही, तो पुढची तारीख मागेल.

तिसरा आणि खरा ता. क. सुकाणू डाव्या हातानंही धरता येतं. यांनी दांडा मुद्दाम डाव्या बाजूनं सोपा जाईल असा तासून ठेवला आहे. हो, आम्हाला माहीत आहे. वकिलाच्या तोंडून निसटलं. (त्याला बोलू नकोस. उलटतपासणीत तो माझ्यापुढे टिकला नाही.) तू न्हाणीघरात पडलीस, उजवं मनगट मोडलं, आणि सकाळी दूधवाल्यानं दार वाजवेपर्यंत त्या तुझ्या पक्क्या, न हलणाऱ्या फरशीवर तशीच पडून राहिलीस. आणि मला फोनवर सांगितलंस की पेन धरून बोटं दुखतात म्हणून पत्र लिहीत नाही. मी आधी रडले. मग इतकी चिडले की मशीनवर बसले आणि खुर्ची शिवून काढली, म्हणून तिचे टाके असे घट्ट आहेत. भावोजी गेल्यापासून त्या घरात रोज सकाळी ‘काय पडेल?’ असं विचारणारं कोणी नाही, ताई. आणि विचारलं असतं तरी तू ‘काही नाही’ म्हणाली असतीस.

शेवटचा. पैज तशीच आहे, शब्द तसाच आहे. घर नाही म्हणालीस तर बोट विकून आम्ही येऊ, तुझ्या तिन्ही खोल्यांत दोर आणि पान्हे पसरू, आणि हे रोज उजाडताच तुझ्या दिवाणखान्यात उभे राहून ओरडतील. विचार करून बोल. आणि तुझ्या पिशवीत बरीच जागा उरेल, त्यात तो जाड करडा स्वेटर टाक. एवढ्या उकाड्यात, चार रात्रींसाठी स्वेटर कशाला, असं वकील विचारील. त्याला सांग, थंडीच्या दिवसांत इथे वारा फार असतो.